पहिल्या दिवशी आलेलं मूल दुसऱ्या दिवशी का येत नाही? मोहल्ल्यातल्या युवागटांसाठी ओळखीचे खेळ

मे महिन्याची सुट्टी लागली की छत्रपती संभाजीनगरच्या मोहल्ल्यांमध्ये वर्ग आणि शिबिरं सुरू होतात. कुठे स्पोकन इंग्लिश, कुठे दीनियात, कुठे कॉम्प्युटर, कुठे भरतीपूर्व तयारी, तर कुठे वाचनालयात बसून नुसतं वाचन. पहिल्या दिवशी हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो ढीग निम्म्यावर येतो. आयोजक म्हणतात, मुलांना गोडीच नाही. घरचे म्हणतात, मोबाईल सुटत नाही. आणि मुलाला जवळ घेऊन विचारलं, तर ते मान खाली घालून पुटपुटतं, "मेरेकू वहाँ कोई पहचानताइच नई."

हे उत्तर आपण हसण्यावारी नेतो. खरं तर सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच असतं. चौदा वर्षांचं मूल नव्या ठिकाणी येतं तेव्हा त्याचं लक्ष फळ्यावर नसतं. कोणाशेजारी बसायचं, आपण बोललो तर कोणी हसेल का, आपली चप्पल-दप्तर कोणी बघतंय का, यात ते गुंतलेलं असतं. पहिल्या अर्ध्या तासात एका तरी मुलाने त्याचं नाव नीट ऐकून घेतलं आणि त्याच्याशी दोन वाक्यं बोललं, तर ते दुसऱ्या दिवशी येण्याची शक्यता खूप वाढते. ज्यांना इंग्रजीत आइसब्रेकर म्हणतात त्या खेळांचं काम एवढंच आहे. शब्दश: अर्थ बर्फ फोडणारे. मराठवाड्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, बर्फाची भाषा जरा विचित्रच वाटते, म्हणून आपण त्यांना ओळखीचे खेळ म्हणू.

हे खेळ म्हणजे टाइमपास, खरा कार्यक्रम नंतर सुरू होतो, असा समज आहे. त्यामुळे पाहुणे उशिरा आले की मधला वेळ भरायला खेळ घेतात आणि पाहुणे आले की अर्ध्यावर थांबवतात. यापेक्षा न घेतलेले बरे.

एक हॉल, तीन शाळा

आपल्या शहरात मोहल्ल्याच्या एका गल्लीत उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांची मुलं राहतात. किराडपुरा, रोशन गेट, बायजीपुरा, कटकट गेट, कुठेही बघा. एकाच घरात थोरली बहीण उर्दू शाळेत शिकलेली आणि धाकटा भाऊ इंग्रजी शाळेत जाणारा, असंही दिसतं. पण ही मुलं एका हॉलमध्ये आली की आपोआप तीन घोळके होतात. इंग्रजी माध्यमाची मुलं पुढे, मराठीवाली खिडकीपाशी, उर्दूवाली मागे भिंतीला टेकून. कोणी सांगत नाही, तरी होतं.

याची किंमत पुढे मोजावी लागते. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेलं मूल अकरावीत किंवा पॉलिटेक्निकला जातं, तेव्हा त्याला विषयापेक्षा वर्गात तोंड उघडण्याची भीती जास्त वाटते. मराठी बोलताना 'ळ' चुकला, 'आहे'च्या जागी 'हे' गेलं, तर हशा पिकेल ही धास्ती. उलट मराठी माध्यमातल्या मुस्लिम मुलाला वेगळीच अडचण असते. त्याला उर्दू वाचता येत नाही म्हणून आपल्याच लोकांत त्याला ओशाळवाणं वाटतं. मोहल्ल्यातला युवागट ही त्या दोघांसाठी सरावाची सगळ्यात सुरक्षित जागा असायला हवी. ती तशी आपोआप होत नाही.

जागा मात्र आता आहेत. जानेवारी 2021 मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असण्याच्या काळात, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीच्या पुढाकाराने या शहरात मोहल्ला बाल वाचनालयांची सुरुवात झाली. रीड अँड लीड फाउंडेशनच्या मदतीने एकेक करत अनेक वस्त्यांमध्ये अशी वाचनालयं उभी राहिली. महाविद्यालयांमध्ये राष्ट्रीय सेवा योजना आहे. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झालेल्या या योजनेत सात दिवसांचं निवासी शिबिर असतं आणि वेगवेगळ्या शाखांची मुलं गावात एकत्र राहतात. त्याशिवाय मशिदींच्या आणि जमातींच्या पुढाकाराने चालणारे सुट्टीतले वर्ग आहेतच. प्रश्न छताचा नाही. एका छताखाली आलेली मुलं एकमेकांची कधी होतात, हा आहे.

नुसतं शेजारी बसवून भागत नाही

अमेरिकेत 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली. वर्गात तणाव इतका की मारामाऱ्या होऊ लागल्या. तिथले मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरन्सन यांना मदतीला बोलावलं. त्यांनी उपदेश केला नाही. धड्याचे तुकडे केले, पाच-सहा मुलांचा मिश्र गट केला आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. आता धडा पूर्ण समजायचा तर ज्याला आपण हसतो त्याचंही ऐकून घ्यावंच लागणार, कारण त्याचा तुकडा दुसऱ्या कोणाकडेच नाही. या पद्धतीला जिगसॉ वर्ग असं नाव पडलं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरच्या 1954 सालच्या आपल्या पुस्तकात याचं कारण आधीच मांडलं होतं. निव्वळ भेटीने मनं जुळत नाहीत. भेटणारे बरोबरीचे हवेत, त्यांचं ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागावी आणि मोठ्या माणसांचा या भेटीला पाठिंबा दिसावा.

त्याही आधीची एक हकिकत आपल्या परिस्थितीला जास्त जवळची आहे. शिकागोत 1889 मध्ये जेन अॅडम्स आणि एलेन स्टार यांनी हल हाउस नावाचं केंद्र सुरू केलं होतं, गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत. इटालियन, ग्रीक, ज्यू, पोलिश अशी नाना भाषांची मुलं तिथे येत. तिथे नेवा बॉइड नावाच्या बाई खेळांमधून मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण देत. त्यांची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन हिने पुढे भाषा न जुळणाऱ्या अशाच मुलांसाठी कितीतरी खेळ तयार केले. आज जगभर नाटकाच्या कार्यशाळांत घेतल्या जाणाऱ्या थिएटर गेम्सचा मोठा भाग तिथून आला आहे. म्हणजे कॉर्पोरेट ट्रेनिंगच्या एसी हॉलमध्ये दिसणाऱ्या या खेळांची मुळं गरिबांच्या वस्तीतल्या, एकमेकांची भाषा न येणाऱ्या पोरांमध्ये आहेत. आपल्याकडेही 1941 पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर जातीपातींची मुलं एकत्र आली, ती खेळ आणि गाण्यांच्या निमित्तानेच.

आणि आपल्या घरातली गोष्ट सांगायची तर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत अबू उमैर या लहानग्याचा प्रसंग आहे. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्या घरी जात तेव्हा त्या मुलाला मोठ्या माणसासारखं 'अबू उमैर' म्हणून हाक मारत आणि तुझ्या पक्ष्याचं काय झालं, असं गमतीने विचारत. मुलाचं नाव घ्यायचं आणि त्याला ज्याबद्दल बोलायला आवडेल तेच विचारायचं. पुढे जे खेळ सांगितले आहेत, त्यांचं सार यापलीकडे फारसं नाही.

आधी नाव

आपल्या गटांमध्ये नावाच्या खेळाला एक खास अडचण आहे. पंचवीस मुलांत पाच 'मोहम्मद' निघतात, तीन 'अयान', दोन 'झोया'. गोल करून प्रत्येकाने पटापट नाव सांगायचं, ही पद्धत इथे बाद. शेवटी कोणाचंच नाव लक्षात राहत नाही आणि लाजऱ्या मुलाची छाती आपली पाळी येईपर्यंत धडधडत राहते.

त्याऐवजी जोड्या लावा. जोडीतल्या प्रत्येकाने दुसऱ्याला तीन गोष्टी सांगायच्या. घरी मला काय म्हणतात, माझं नाव कोणी ठेवलं, आणि त्याचा अर्थ माहीत असेल तर अर्थ. तीन मिनिटं पुरतात. मग उभं राहून स्वत:ची नाही, तर जोडीदाराची ओळख करून द्यायची. "हा मोहम्मद अयान. घरी याला गुड्डू म्हणतात. नाव नानींनी ठेवलं." दुसऱ्याबद्दल बोलताना जीभ अडखळत नाही, हा अनुभव कोणीही घेऊन बघावा. शिवाय आपल्याबद्दल कोणीतरी चारचौघांत चांगलं बोललं, हे मुलाच्या मनात राहतं. ओळख कोणत्याही भाषेत करून द्यायची मुभा ठेवा. 'मराठीतच बोला' किंवा 'उर्दूतच बोला' हा आग्रह पहिल्या दिवशी नको.

नावं पक्की व्हायला जुना रुमालाचा खेळ उत्तम. मराठी शाळेतली मुलं त्याला 'मामाचं पत्र हरवलं' म्हणतात, उर्दू-हिंदीत त्याला 'कोडा जमालशाही' म्हणतात. खेळ एकच. गोलात बसलेल्यांच्या पाठीमागून एकजण फिरतो आणि गुपचूप कोणाच्या तरी मागे रुमाल टाकतो. कोडा जमालशाहीत पिळलेल्या रुमालाने पाठीवर फटका बसतो. तो नियम काढून टाका. ज्याच्या मागे रुमाल सापडेल त्याने आपल्या डावी-उजवीकडच्या दोघांची नावं सांगायची. जमलं नाही तर त्या दोघांना विचारून घ्यायची आणि मग रुमाल घेऊन पळायचं. मुलांना दोन्ही नावं माहीत झाली की "अरे, हे तर आमचंच!" असा एकच गलका होतो. तो गलका होऊ द्या.

घोळके मोडायचे, पण न ओरडता

'चला, तू इकडे, तू तिकडे' असं म्हणून गट पाडले की मुलं रुसतात. त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरवरची किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीतली मोठी चित्रं घ्या. बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला, वेरूळचं कैलास लेणं अशी आपल्याच भागातली. प्रत्येक चित्राचे पाच तुकडे करा, सगळे एका टोपलीत मिसळा आणि दारातून आत येतानाच प्रत्येकाच्या हाती एक द्या. खेळ सुरू झाला की तोंडातून शब्द न काढता आपल्या चित्राचे बाकीचे चार तुकडे शोधायचे. बोलायचं नसल्यामुळे इथे भाषा आडवी येत नाही. ज्याला मराठी येत नाही तोही, ज्याला इंग्रजी येत नाही तोही बरोबरीचा. चित्र जुळलं की आपोआप पाच जणांचा मिश्र गट तयार, आणि प्रत्येकाच्या हातातला तुकडा लागलाच लागला. अॅरन्सनच्या वर्गाचीच ही गल्लीतली आवृत्ती.

याच गटांना पुढे 'नाव-गाव-फळ-फूल' खेळायला द्या. हा खेळ माहीत नाही असं मूल सापडणार नाही. इंग्रजी शाळेत तो 'नेम-प्लेस-अॅनिमल-थिंग' असतो, इतकंच. नियमात थोडा बदल करायचा. गटाला एकच कागद, आणि जो शब्द मराठीतही चालतो आणि उर्दूतही, त्याला दुप्पट गुण. अक्षर द्या 'ख'. नाव खालिद, गाव खुलताबाद, फळ खरबूज. आणि वस्तू? मराठीवाला म्हणणार खुर्ची. उर्दूवाली म्हणणार, खुर्ची कुठून आली, आमच्यात तर कुर्सी, ती 'क'मध्ये. मग कोणीतरी चुणचुणीत मुलगी उठून सांगणार की खालिदचा ख़ आणि खिडकीचा ख ही उर्दूत दोन वेगळी अक्षरं आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांना हे पहिल्यांदाच कळतं. फूल मात्र कोणालाच सापडत नाही आणि सगळे मिळून डोकं खाजवत बसतात. भांडण असं असावं. ज्याच्या ज्ञानाची एरवी कोणी दखल घेत नाही, त्याला अचानक पंच म्हणून बोलावलं जातं.

'खाली बस' म्हणजे काय?

भाषेवरचा एक खेळ थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्या शहरासाठी तो फार उपयोगाचा आहे आणि त्याला खर्च शून्य. चिठ्ठ्यांवर असे शब्द लिहा, जे मराठी आणि उर्दू दोन्हीत आहेत, पण अर्थ बदललेला आहे. जोडीत एक मराठी माध्यमाचा आणि एक उर्दू माध्यमाचा. चिठ्ठी उघडायची, आणि दोघांनी आपापला अर्थ अभिनयाने दाखवायचा.

'खाली' ही चिठ्ठी पहिली ठेवा. मराठीवाला जमिनीकडे बोट दाखवतो, उर्दूवाला रिकामा ग्लास उलटा करून दाखवतो. 'दप्तर' निघालं की एकजण पाठीवर ओझं घेतो, दुसरा टेबलामागे साहेब होऊन बसतो. 'राजीनामा' आला की मराठीत नोकरी सोडायची, उर्दूत दोन भांडणाऱ्यांनी समझोता करून हात मिळवायचे. सगळ्यात धमाल 'शिकस्त'वर. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करायची म्हणजे जीव तोडून प्रयत्न करायचा, आणि उर्दूत शिकस्त म्हणजे सरळ हार. एकजण छाती पुढे काढून उभा आणि दुसरा मान टाकून बसलेला. एकाच शब्दावर! मोठ्या मुलांचा गट असेल तर नंतर त्यांनाच विचारा, मराठीत किती शब्द असे सापडतात ते. कागद, शाई, तारीख, हजेरी, खर्च, बाजार, वकील. वर्गात बसल्या जागी नजरेला पडणाऱ्या अर्ध्या वस्तूंची नावं निघतात.

आणि उलटंही दाखवायला विसरू नका. आपल्या घरात बोलली जाणारी दख्खनी मराठीशिवाय उभीच राहत नाही. 'नक्को' हा शब्द मराठी 'नको'वरून आलेला. 'मैंच', 'वोइच' यातला ठसक्याचा 'च' मराठीतला. लेखाच्या सुरुवातीला त्या मुलाचं जे वाक्य आहे, 'पहचानताइच नई', त्यातही तो बसलेला आहेच. वली आणि सिराज या दोन मोठ्या शायरांच्या नावांपुढे 'औरंगाबादी' लागतं, त्या शहराच्या मुलांनी आपल्या घरच्या बोलीची लाज बाळगण्याचं काही कारण नाही. पण हे भाषण म्हणून सांगू नका, खेळातून निघू द्या. भाषण ऐकून कोणाची लाज गेल्याचं ऐकिवात नाही.

बैतबाज़ी आणि गाण्याच्या भेंड्या यांचाही नियम एकच आहे, शेवटच्या अक्षरावरून पुढचं सुरू. म्हणून अनेकजण पहिल्याच दिवशी त्या घेतात. मला ते पटत नाही. या खेळांत ज्याला पाठ आहे तोच चमकतो आणि बाकीचे बघे होतात. शिवाय गाण्यांबद्दल काही घरांत वेगळं मत असतं, त्या मुलाला उगाच अवघडायला होतं. दोन-तीन आठवड्यांनी मुलं सैल झाली की बैतबाज़ी घ्या, मिश्र संघांमध्ये, आणि मराठी कवितांच्या ओळीही चालू द्या.

जे विचारू नये

परदेशी पुस्तकांतले किंवा यूट्यूबवरचे खेळ जसेच्या तसे उचलले की गडबड होते. 'सुट्टीत कुठे फिरायला गेला होतात?' हा प्रश्न घ्या. वाळूजला कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्या बापाचं मूल काय सांगणार? 'अब्बू काय करतात?' हा त्याहून वाईट. गटात अनाथ मूल असतं, आई-वडील वेगळे राहत असलेलं असतं, वडील आखातात असून चार वर्षांत न भेटलेलं असतं. 'तुमची सगळ्यात मोठी भीती', 'आयुष्यातला वाईट प्रसंग' असले प्रश्न ओळखीच्या खेळात नकोतच. मूल भावनेच्या भरात सांगून बसतं आणि लाजेने परत येत नाही.

जे प्रत्येकाकडे असतं तेच विचारा. खाणं हा विषय त्यातल्या त्यात हमखास चालतो. हॉलच्या चार कोपऱ्यांना नावं द्या. नान-खलिया, बिर्याणी, खिचडी-खट्टा, वरण-भात. आवडीच्या कोपऱ्यात धावायचं आणि तिथे जो भेटेल त्याला विचारायचं की तुमच्या घरी हे कोण छान करतं. मग कोपऱ्यांची नावं बदला. सकाळी लवकर उठणारे, उशिरा उठणारे, उठवावं लागणारे, उठवूनही न उठणारे. चौथ्या कोपऱ्यात नेहमी गर्दी होते आणि तिथे माध्यम-बिध्यम कोणी बघत नाही.

'दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी' हा खेळ सगळीकडे चालतो. पण गंमत म्हणूनसुद्धा खोटं बोलायला नको, असं मानणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. त्यावर सोपा उपाय आहे. दोन घडलेल्या गोष्टी आणि एक घडावीशी वाटणारी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ओळखायचं की अजून घडायची कुठली. 'मी पोहायला शिकलो', 'मी दौलताबादचा किल्ला वरपर्यंत चढलो', 'मी विमानात बसलो'. यातून मुलाची स्वप्नं कळतात, जी खोट्या गोष्टीतून कधीच कळत नाहीत. मला तर मूळ खेळापेक्षा हा बदललेला जास्त आवडतो.

आणि 'पास' म्हणायचा हक्क सगळ्यांना, कारण न विचारता. तोतरं बोलणाऱ्या मुलाला, कमी ऐकू येणाऱ्या मुलीला, किंवा त्या दिवशी घरी काही बिनसलं असेल त्यालाही. खेळ घेणाऱ्या भाईने किंवा बाजीने स्वत: एकदा पास म्हणून दाखवावं, म्हणजे ते शब्द हलके होतात.

मुली, स्पर्श आणि फोटो

हात धरून साखळी करणं, पाठीवर बसणं, डोळे बांधून धरणं असे खेळ मिश्र गटात टाळावेत. मोठ्या मुलींच्या घरी पहिली शंका याचीच असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. नुसतं पाठवणं बंद होतं. वर सांगितलेल्या एकाही खेळात स्पर्श लागत नाही, तेव्हा अडचण येऊ नये. काही गटांमध्ये मुला-मुलींचे दोन वेगळे गोल करतात, काही ठिकाणी वर्गच वेगळे असतात. जशी तिथली पद्धत, तसं करा, पण एक बघा. मुलींच्या गोलात खेळ घेणारी बाजी तयारीची हवी. मुलांनी मैदानात धमाल करायची आणि मुलींनी कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवायच्या, असं झालं तर तिथे मुलींसाठी काही घडलंच नाही.

फोटोचं तर नक्कीच ठरवून घ्यावं. खेळताना दुपट्टा सरकलेल्या, तोंड वाकडं करून हसणाऱ्या मुलीचा व्हिडिओ संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला की ती पुन्हा दिसत नाही, तिच्या मैत्रिणीही दिसत नाहीत. देणगीदारांना दाखवायला फोटो लागतात हे खरं. घरच्यांची परवानगी घेऊन शेवटी एक गटाचा फोटो काढा. खेळ चालू असताना मोबाईल टोपलीत ठेवायचे, मोठ्यांचेही.

वेळेचा हिशेब

खेळांना वीस ते तीस मिनिटं द्या, त्याहून जास्त नाही. मुलं "और एक बार" म्हणत असतील तेव्हाच थांबवा. कंटाळा येईपर्यंत खेळ ओढला की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव काढता येत नाही. उन्हाळ्यात असर ते मगरिबमधला वेळ सोयीचा. रमजानमध्ये पळापळीचे खेळ सोडून चिठ्ठ्यांचे आणि चित्रांचे घ्यावेत. गट पंचविसाच्या वर गेला तर दोन गोल करा. सामान म्हणाल तर खडू, दोन रुमाल, एक कात्री, जुनी कॅलेंडरं आणि पाठकोरे कागद.

खेळ घेणाऱ्याने शिट्टी घेऊन बाजूला उभं राहू नये. पहिला डाव त्याने स्वत: खेळावा आणि जमलं तर हरावा. मुलांना मोठ्या माणसाचं हरणं फार आवडतं.

घरच्यांसाठी एवढंच की संध्याकाळी मूल परत आल्यावर 'काय शिकलास?' हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. 'आज कोणाकोणाची नावं कळली?' असं विचारा. तीन नावं पटापट आली तर उद्या उठवायला त्रास पडणार नाही. एकही नाव आलं नाही, तर वर्ग घेणाऱ्या भाईला किंवा बाजीला फोन करून तसं सांगा. तक्रार म्हणून नाही. त्यांनाही ते कळत नसतं, कारण पंचवीस मुलांत गप्प बसलेलं मूल सगळ्यात शहाणं दिसतं.

आयोजकांनी पहिल्या दिवसाच्या जोड्या वहीत लिहून ठेवाव्यात. तिसऱ्या दिवशी एखादा आला नाही की त्याच्या घरी मोठ्या माणसाचा फोन जाण्याआधी त्याच्या जोडीदाराला पाठवा. बहुतेक वेळा दोन गल्ल्या सोडून घर असतं. जोडीदार दारातून हाक मारेल ती गुड्डू म्हणूनच मारेल, रजिस्टरमधल्या पूर्ण नावाने नाही.